केरेकवारची तपकिरी

केरेकवार गावच्या बिअर कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला महिन्याच्या पहिल्या बुधवारी एक खोका बिअर मिळते. वीस बाटल्या, दहा फिकट आणि दहा तपकिरी, अगदी मरेपर्यंत. ही पद्धत कारखान्याइतकीच जुनी, म्हणजे १८७१ सालची. मूळ मालक हाउसर त्या दिवशी म्हणे स्वतः फाटकाशी उभा राहायचा आणि मागच्या खोक्याबद्दल प्रत्येकाला विचारायचा, "काय, कशी होती?" 'छान' म्हणणाऱ्यावर त्याचा विश्वास नसे. मन लावून प्यायलेला माणूस काहीतरी खोट काढणारच, असं त्याचं ठाम मत होतं.

पुढे १९४९ मध्ये कारखाना सरकारजमा झाला आणि हाउसरच्या नातवाला आजोबांच्याच कारखान्यात पिंपं धुवायला ठेवलं. चाळीस वर्षांनी ते कम्युनिस्ट सरकारही गेलं. फाटकावर नावं ठेवणं मात्र कुणी सोडलं नाही. "आमच्या वेळी बिअर होती, हे काय धुवण आहे!" असं म्हणायचं आणि खोका दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी जायचं. मी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली, पण आमच्या एकाही पेन्शनराच्या तोंडून कौतुक ऐकलं नाही. केरेकवारमध्ये 'चांगली आहे' म्हणतो तो एक तर पाहुणा, नाहीतर वरून आलेला तपासनीस.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही ऐन वेळी मी ते विसरले.

१९९७ च्या वसंतात, कारखाना विकत घेतलेल्या नव्या कंपनीने बुडापेस्टहून बार्ता नावाचे संचालक पाठवले. माणूस वाईट नव्हता. प्रश्न विचारायचा, उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि मग जे करायला आला होता तेच करायचा. फिकट बिअर तोवर पोलादी टाक्यांमध्ये गेली होती. तपकिरी तेवढी जुन्या तळघरात, सहा उघड्या हौदांत आंबत होती आणि ते तळघर होतं वेंडेलचं.

वेंडेल चोपन्न वर्षांचा, बायको नाही, मूल नाही. त्याचे वडीलही त्याच तळघरात राबले. रोज सकाळी खाली उतरण्याआधी तो दोरीला बांधलेली पेटती मेणबत्ती पायऱ्यांवरून खाली सोडायचा. ज्योत विझली तर खाली वायू साठलाय, तेव्हा थांबायचं. मग लांब दांड्याच्या झाऱ्याने तो हौदांवरचा काळपट, कडू फेस काढायचा, दिवसातून तीनदा, रविवारीसुद्धा. वायू मोजायचं यंत्र घे म्हणून मी कितीदा सांगितलं.

"मेणबत्तीची बॅटरी संपत नाही, पिरोश्का," तो म्हणायचा.

बार्तांनी त्याला बोलावून सांगितलं की तपकिरीला तळघरात नऊ आठवडे लागतात, पोलादी टाकीत तीच बिअर तीन आठवड्यांत होते.

"तीच?" वेंडेल म्हणाला. "साहेब, दोन ग्लास ठेवा समोर. एकात तुमची, एकात माझी. आणि आमच्या पेन्शनरांना बोलवा. त्यांना कळलं नाही तर मी स्वतः तळघराला कुलूप लावतो."

बार्ता लगेच कबूल झाले. पेन्शनरांनी तळघराची बिअर निवडली तर तळघर राहील, नाहीतर ऑक्टोबरात बंद. लेखी दिलं त्यांनी. वेंडेलने मात्र मला बजावलं, "पेन्शनरांना यातलं काही सांगायचं नाही. माझी कीव करून कुणी मत दिलेलं मला चालणार नाही."

मी शब्द पाळला. चिठ्ठीही मीच तयार केली. ग्लास दोन, एकाला लाल पट्टी, दुसऱ्याला हिरवी. लाल वेंडेलची, हिरवी पोलादी टाकीची. खाली एकच प्रश्न होता: दोन्हींत चांगली कोणती? रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला प्रश्न थोडक्यात विचारायची सवय असते. त्या सवयीचा मला आजही राग येतो.

जूनच्या पहिल्या बुधवारी अकरा वाजता कँटीनमध्ये सतराजण जमले. पावाला चरबी लावून ठेवलेली, पण वर कांदा नाही, कारण कांद्याने जीभ बिघडते.

"कांदा कुठाय?" एतेल्काकाकूंनी बसायच्या आधीच विचारलं. बाटल्या भरायच्या विभागात त्यांची हयात गेली होती.

"आधी चव बघा, मग कांदा."

"छत्तीस वर्षं बाटल्या भरल्या मी इथे आणि ही कालची पोर मला चव शिकवते! ओडॉन, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय. तू बोलत असताना ऐकू न येणं जमतं का कुणाला?" ओडॉनकाका म्हणाले. ते जव भाजायच्या भट्टीवर होते. भाजलेल्या जवाचा त्यांच्यासारखा गडद माल्ट पुन्हा कुणाला जमला नाही.

मग चव बघणं सुरू झालं. ओडॉनकाकांनी हिरवा ग्लास उचलला, घोट घेतला, खाली ठेवला. लाल उचलला. वास घेतला, डोळे मिटले आणि पुन्हा त्या हिरव्याकडे काही वळले नाहीत. मी टेबलावरून नजर फिरवली. सतराच्या सतरा लाल ग्लास रिकामे, हिरवे जेमतेम दोन घोट उणे. वेंडेल दाराशी उभा होता, त्यालाही ते दिसलं. त्याने मला डोळा मारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! मला इतका आनंद झाला की मी स्वतः जाऊन कांदा आणला.

दुपारी चिठ्ठ्या मोजल्या. हिरवी सतरा. लाल एकही नाही. पुन्हा मोजल्या.

ओडॉनकाका अजून बागेतल्या बाकावर होते. मी धावत गेले.

"काका, लाल ग्लास तर तुम्ही संपवलात!"

"मग? आपलीच होती ना ती. वासावरूनच कळलं."

"मग खूण हिरव्यावर का केलीत?"

"अगं, वीस वर्षं फाटकावर सांगतोय, आपली बिघडली म्हणून. कागदावर विचारलं म्हणून शब्द फिरवू? तो बुडापेस्टवाला म्हणाला असता, म्हातारे फुकट बिअरसाठी लाळ घोटतात. आणि चार बोल बसले की वेंडेल जरा नीट लक्ष घालेल." ते खुशीत हसले. मी पैजेचं सगळं सांगितल्यावर त्यांनी टोपी काढली.

मी बार्तांकडे गेले. म्हटलं, सतराही जणांनी आपली बिअर ओळखली, आम्ही नावं फक्त आपल्याच बिअरला ठेवतो. त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पिरोश्काबाई, मी मुख्य कचेरीला काय कळवू? सतरा जणांनी वाईट म्हटली, म्हणून ही चांगली आहे?"

चाचणी पुन्हा घ्या, एवढंच म्हणायचं होतं. ते संध्याकाळी सुचलं, तेव्हा वेंडेलनेच नकार दिला.

"अट माझीच होती. हरलो."

"पण त्यांनी ओळखली रे तुझी!"

"माहितीय," तो म्हणाला. "मी असतो तर मीही हिरवीवरच खूण केली असती."

ऑक्टोबरात तळघर बंद झालं. कुलूप त्याने स्वतः लावलं आणि मेणबत्ती दोरीसकट माझ्या टेबलावर आणून ठेवली. पेन्शनला अवकाश होता, म्हणून त्याला फाटकावर खोके वाटायचं काम मिळालं.

पोलादी टाकीतली तपकिरी डिसेंबरच्या खोक्यांत गेली. जानेवारीतल्या पहिल्या बुधवारी मी मुद्दाम फाटकावर जाऊन थांबले. थंडी कडाक्याची होती. ओडॉनकाकांनी रिकाम्या बाटल्यांचा खोका फळीवर ठेवला.

"काय, कशी होती?" वेंडेलने विचारलं.

ओडॉनकाकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"चांगली आहे," ते म्हणाले. "छान आहे, वेंडेल."

मागून दुसरा म्हणाला, चांगली आहे. तिसराही तेच म्हणाला. वेंडेल मान खाली घालून खोके पुढे सरकवत राहिला. सगळ्यात शेवटी एतेल्काकाकू आल्या. खोका घेताना त्यांनी त्याचे आभार मानले.