साठ टक्के बेलोब्रेग

फलकावर सात देश होते आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: रोजगार, शिक्षण, उत्पन्न. आठव्या ओळीत डॅन्यूबकाठचं बेलोब्रेग गाव. त्याच्या रोजगाराच्या रकान्यात ठळक लाल अक्षरांत साठ टक्के, जवळजवळ इटलीच्या बरोबरीचे. दहा वर्षांपूर्वी तिथे एक्कावन्न होते.

असाच फलक दाखवून नगरपालिकेतल्या रांगेल काकांनी दोन वर्षांपूर्वी झोर्नित्साला थांबवलं होतं. "गाव वर येतंय, पोरी." त्या शब्दावर तिने व्हिएन्नाची नोकरी नाकारली आणि गावातल्या शाळेत गणित शिकवू लागली. आता हाच फलक उद्या बारावीच्या मुलांना तिने समजावून सांगायचा होता, म्हणून तिने मूळ आकडे काढले. पूर्वी कामाच्या वयाची माणसं आठ हजार, नोकरीत चार हजार ऐंशी. आता माणसं पाच हजार, नोकरीत तीन हजार. बेकारांना काम मिळालं नव्हतं. तीन हजार माणसं गाव सोडून गेली होती, त्यांत बेकारच जास्त.

ती तडक काकांच्या घरी गेली. वेलिका काकू भट्टीतून चीजचा बानित्सा काढत होत्या.

"काका, हे तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी चष्मा पुसला. "आकडा खोटा नाहीये."

"मी ते विचारलं नाही."

"माहीत होतं."

"मला थांबवलंत तेव्हाही?"

"सगळेच गेले तर शाळेला टाळं लागेल. कोणीतरी राहायला हवं ना."

"आणि तुमचा कालिन? त्याला परदेशी, लिंट्सला जायचं तिकीट कोणी काढून दिलं?"

बोटांवर मोजायला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच केसाने गळा कापला होता.

बाहेर भोंगे वाजले. शाळा संपत आल्याच्या आनंदात बारावीची मुलं गाड्यांच्या खिडक्यांतून वाकून, दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे, एक ते बारा ओरडून मोजत गेली.

"ऐकलंस, रांगेल?" काकू म्हणाल्या. "पोरांना बारापर्यंत मोजता येतं. तुला गेलेली माणसं मोजता येईनात. स्वतःच्या लेकाला खरं सांगितलंस, भावाच्या लेकीला टक्केवारी दिलीस. राहा म्हणून हात जोड की! पण फसवून ठेवलेलं माणूस गावात असूनही आपलं नसतं."

"खरं मांडलं तर उद्या एकही थांबणार नाही."

"ते त्यांना ठरवू द्या," झोर्नित्सा म्हणाली.

बानित्सा निवला तरी कोणी हात लावला नाही. शेवटी काका म्हणाले, "आण तो फलक." साठच्या खाली त्यांनी स्वतः दोन्ही वर्षांची माणसं लिहिली. सकाळी ते वर्गात उभे राहिले आणि कालिनचंही सांगितलं. झोर्नित्सा मात्र त्यांच्याशी अजून कामापुरतंच बोलते.

देशादेशांची तुलना आपण सगळेच आवडीने वाचतो. टक्केवारी दिसली की आधी विचारावं, हे शंभर कोण आणि मोजणीतून निघून कोण गेलं. आणि जो सल्ला आपल्या लेकराला देणार नाही, तो दुसऱ्याच्या लेकराला देऊ नये.

त्या वर्षी वर्गातल्या चौदांपैकी सहा जण गावात राहिले. आधीच्या वर्षी सोळांपैकी सहा राहिले होते. टक्का वाढला, माणसं तितकीच.