उजव्या पायावरची थाप

ढम्! दचकलात ना? दचकायलाच हवं. मी बोलतोय, लष्करी बँडमधला मोठा ड्रम. मला ढोल म्हणाल तर राग येतो. ढोल माणसांना नाचवतो, मी चालवतो. शेकडो बूट एकाच क्षणी जमिनीवर पडतात ना, ते माझ्या हुकमाने!

जन्म माझा मेरठचा. तिथून थेट पलटणीत गेलो आणि भाऊराव गायकवाडांच्या पोटावर जो बसलो, तो चौदा वर्षं उतरलो नाही. भाऊराव मूळचे जालन्याकडचे, आवाज खणखणीत. पलटणीतली मराठी पोरं चालताना एक गाणं म्हणत, 'चल गड्या, पाऊल टाक, डोंगर आपली वाट बघतोय.' भाऊराव गायचे, मी ठोके द्यायचो. नियम एकच. पहिलं पाऊल डावं आणि माझी जाड थाप डाव्यावरच. सैन्यात दुसरं काही चालत नाही.

भाऊराव निवृत्त झाले तेव्हा पलटणीत नवे ड्रम आले होते. साहेबांनी मला त्यांच्याच हवाली केलं आणि मी आलो कांजूरमार्गला, बैठ्या घरांच्या वसाहतीत. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला भाऊराव मला पोटावर चढवून, गाणं म्हणत, पटांगणाला एकटेच फेरी मारायचे. लोक कडेला उभे राहून टाळ्या वाजवायचे. उरलेलं वर्ष मी खाटेखाली. उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी सुंदराबाई मला ओट्यावर आडवा करून माझ्यावर कुरडया वाळत घालायच्या. परेडच्या मैदानावर मिरवलेला मी, आणि अंगावर कुरडया! सांगणार कुणाला?

गेल्या दिवाळीआधी भाऊरावांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात आणि डावा पाय जड झाला. काठी टेकत कसेबसे दारापर्यंत यायचे. वसाहतीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश भेटायला आले.

"काका, आता सव्वीस जानेवारीला स्पीकरवरच गाणी लावू ना. हळदीला लावतो तो आहेच. आणि हा ढोल उगाच जागा अडवतोय, भंगारात देऊन टाका."

भाऊराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग सुंदराबाईच कंबर कसून उठल्या. "भंगारात कसा जाईल? मी वाजवीन की! जेवताना ताटावर ह्यांची बोटं चालतात, तेच ठोके ऐकत आलेय इतकी वर्षं."

शेजारच्या जानकीने माझ्यामागे चालायला स्वतःसकट अकरा बायका गोळा केल्या. चंद्रप्रकाश म्हणाले, "ठीक आहे, करून दाखवा. पण फजिती झाली ना, तर पुढच्या वेळेपासून स्पीकर."

रोज संध्याकाळी तालीम. भाऊराव खुर्चीत बसून शिकवायचे. आणि पहिल्याच दिवशी वाट लागली! भाऊराव गरजले, "डावा!" आणि अकराच्या अकरा बायकांनी उजवा पाय टाकला.

"अगं, डावा म्हणतोय मी!"

"गे बाय माझे!" जानकी म्हणाली. "काका, चांगल्या कामाला डावा पाय कोण टाकतं? नवरी घरात येते ती उजव्यानेच ना?"

"पलटण काय सासरी चाललीय?"

सगळ्या खो खो हसल्या. महिनाभर घोकून घोकून डावा एकदाचा बसला. जानकी रोज म्हणायची, "काका, तुम्हीपण या ना रांगेत." भाऊराव मान हलवायचे. "माझा डावा पडत नाही, पोरी. ज्याचा डावा पडत नाही, त्याने रांगेत उभं राहू नये."

सव्वीस जानेवारी उजाडली. काय सांगू तुम्हाला, माझं कातडं नुसतं थरथरत होतं! पटांगण फुलून गेलेलं. झेंडा फडकला. भाऊरावांच्या लेकीने, माधुरीने, संविधानाची उद्देशिका वाचली. पांढऱ्या साड्या आणि कॅनव्हासचे बूट घालून बायका रांगेत उभ्या राहिल्या. सुंदराबाईंनी मला पोटावर घेऊन पट्टा आवळला.

ढम्!

गर्दी बघून बायका गांगरल्या. पाचजणींनी डावा टाकला, सहाजणींनी उजवा. बुटात बूट अडकले. पोरं फिदीफिदी हसू लागली. चंद्रप्रकाशांचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला. संपलं, मी मनात म्हटलं, आता भंगार.

सुंदराबाई थांबल्या. त्यांनी खुर्चीतल्या भाऊरावांकडे पाहिलं. मग ओरडल्या, "बायांनो, समद्यांनी उजवा! उजवाच टाका!"

मी हबकलो. पलटणीचा नियम! पण सुंदराबाईंची काठी माझ्यावर पडलीच. ढम्! अकरा उजवे बूट एकदम पडले आणि पटांगण हादरलं. अहो, काय तो आवाज! बायका गाऊ लागल्या, 'चल गड्या, पाऊल टाक!' माझ्या जन्मात मी इतका खुशीत कधी वाजलो नव्हतो.

फेरी खुर्चीपाशी आली. सुंदराबाई जागच्या जागी पाय आपटत राहिल्या.

"उठा. आज उजव्यावर चाललंय. तुमचा उजवा चांगला हाय ना?"

भाऊराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मग काठी रोवली, उठले आणि माझ्या थापेवर उजवा पाय टाकला. डावा मागून फरफटत आला. ढम्, खर्र. ढम्, खर्र. सगळी रांग त्यांच्यासाठी सावकाश झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गाण्यातला आवाज तोच, खणखणीत. स्पीकरचं बटण कुणी दाबलंच नाही.

आता मी खाटेखाली नसतो, दारासमोर स्टुलावर असतो. यंदा कुरडयासुद्धा खाटेवर वाळल्या. कधी झेंडावंदनाला आमच्याकडे आलात, तर कडेला उभे राहून नुसत्या टाळ्या वाजवू नका, रांगेत या. पाय आधी कुठला टाकायचा, ते मी आता विचारणार नाही.