खंडेनवमीची चिनी तलवार

खंडेनवमीला शस्त्र पुजायचं हे कळायला शाळा लागत नाही. मी दुसरीपर्यंतच गेले. लेकीकडे परदेशात, ॲडम्सटाउनात अडकले म्हणून काय रीत सोडायची? करोनात विमानं बंद होती, देव बंद नव्हते.

घरात शस्त्र एकच. जावयानं, विनयरावांनी, लिलावात घेतलेली चिनी तलवार. हाताचा घाम लागेल म्हणून त्यांनी ती चार बोटांच्या वर कधी उपसलीसुद्धा नव्हती. खरी जुनी की बाजारू, ते डंडॉक गावचे डेक्लन नावाचे जाणकार दुपारी कॉम्प्युटरवर बघून सांगणार होते. सुमेधानं नवऱ्याला बजावलेलं, "खोटी निघाली तर तलवार आजच घराबाहेर."

सकाळी पूजेसाठी मी तलवार ओढली, तर मुठीसकट उभे दोन तुकडे हातात! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे मीच मोडली. तीस माणसांचं घर चालवलं, कपाचा कान उडू दिला नाही, आणि जावयाची तलवार मोडली!

पण तलवार मोडली म्हणून रीत मोडायची नाही. एक तुकडा चिंचेनं लख्ख घासून पुजला, म्यानात सरकवला. दुसऱ्यानं कोहळ्याच्या जागी हॅलोविनचा भोपळा फोडला आणि तो तुकडा कपाटात पोह्यांमागे दडवला.

दुपारी डेक्लन बोलत होते, सुमेधा मला मराठीत सांगत होती. "आई, ते म्हणतात मूठ एका अंगानं सपाट आहे. ही जोडतलवार. दोन हातांत दोन, म्यान मात्र एकच. जोडीची नसेल तर ही नुसती भिंतीला टांगायची."

"लिलाववाल्यानं फसवलं मला!" विनयराव ओरडले.

"खोकं आणू?" सुमेधा म्हणाली.

गप्प बसले असते तर तलवार गेली असती, तिच्याबरोबर माझी लबाडीही. पण लिलाववाल्याला पडत होत्या त्या शिव्या माझ्या होत्या. माझ्या वाटणीचं मी कधी दुसऱ्याच्या पानात वाढलेलं नाही. उठले, पोह्यांमागून तुकडा आणला, भोपळ्याच्या बियांसकट.

डेक्लन खुर्चीतून उभेच राहिले. मग विचारलं, पहिली एवढी चकाकते कशी?

"चिंच," मी म्हणाले.

त्यांनी कपाळ धरलं. चिंचेनं गेला तो काळपट रंग हेच तिचं वय होतं म्हणे. आता एक दीडशे वर्षांची, दुसरी आज सकाळची.

विनयराव माझ्याकडे वळले. "आई, मोडली वाटलं तर सांगायचं तरी."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

डेक्लननी काय झालं म्हणून विचारलं. सुमेधानं तोंड उघडलं.

"एवढं इंग्रजीत सांगू नकोस," मी म्हणाले.