जुहूहून सांताक्रूझला

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर मागच्या सीटवर अंडी घालणाऱ्या कोंबड्या बघून तुम्ही मला खुराडं समजाल. चिंचवड स्टेशनाजवळ मीरासाहेब मिस्त्रीच्या गॅरेजामागे मी उभी असते. मी त्याला अरेतुरे करते. इतक्या वर्षांची ओळख आहे आमची. माझा जन्म विलायतेतला. दुसरी मोठी लढाई संपल्यावर दिघीच्या लष्करी लिलावात त्यानं मला घेतलं, तेव्हा माझं इंजिन पार गेलेलं होतं. "मिस्त्री, भंगार आणलंस की राव!" असं लोक म्हणाले. त्यानं रोजचं काम आटोपून माझा एकेक भाग उतरवला, घासला, पुन्हा बसवला. मग काय विचारता! गावात कुणाचंही लग्न असो, नवरदेव माझ्यातच बसायचा. मीरासाहेबाच्या एकुलत्या एक लेकीची, शहाजादीची पाठवणीसुद्धा माझ्यातूनच झाली.

मीरासाहेब हाताचा हुशार, पण कुणाला काही विचारायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटे. तरुणपणी तो मुंबईत जुहूच्या विमानतळावर मोटारी दुरुस्त करायला होता. त्यामुळे विमानाचा विषय निघाला की घरात त्याचाच शब्द शेवटचा.

१९५२ साली शहाजादीच्या नवऱ्याला आफ्रिकेत, नैरोबीला काम मिळालं. चिंचवडला न येता दोघं मुंबईहूनच निघणार होती. "अब्बा, अम्मीला घेऊन विमानतळावर या," असा लेकीचा निरोप आला. तिच्या आईनं, ताजुन्निसानं, इमामजामीन शिवला. हिरव्या कापडात नाणं शिवतात आणि प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर घरचं माणूस ते बांधतं. मग जाणारा सुखरूप राहतो, अशी त्यांची श्रद्धा. लेकीच्या दंडावर तो आपल्याच हातानं बांधावा, एवढंच त्या माउलीला हवं होतं.

आम्ही पहाटेच निघालो. खंडाळ्याचा घाट मी झोकात उतरले. जुहूला पोचलो, तर तिथं सगळा शुकशुकाट. एक लहानसं विमान उभं होतं, दारावरच्या पहारेकऱ्याशिवाय माणूस दिसेना.

"अहो, कुनाला तरी इचारा की," ताजुन्निसा म्हणाली.

"मला इचारायला सांगतीस? माझी जवानी गेली हितं. येतील, बस गप!"

बसली बिचारी. ऊन चढलं, डब्यातल्या रोट्या वाळल्या, तरी कुणी येईना. शेवटी तीच बुरखा सावरत पहारेकऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "बाई, परदेशी विमानं आता इथून सुटत नाहीत. ती सांताक्रूझच्या विमानतळावरून जातात. इथे कशाला थांबलात?"

मीरासाहेबाच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं हँडल मारलं आणि मी सुटले. अशी मी आयुष्यात कधी पळाले नव्हते. पण मध्ये रेल्वेचं फाटक बंद! एक गाडी गेली, तरी उघडेना; मागून लांबलचक मालगाडी आली. ताजुन्निसा मुठीत इमामजामीन आवळून "या अल्ला, या अल्ला" करत होती. मीरासाहेब सारखा घाम पुसत होता.

सांताक्रूझला पोचलो तेव्हा विमानाच्या शिड्या काढून झाल्या होत्या. ताजुन्निसा कुंपणाच्या जाळीला बिलगून ओरडली, "शहाजादी!" पंख्यांच्या घरघरीत ती हाक माझ्यापर्यंतही धड आली नाही, मग लेकीपर्यंत काय जाणार? विमान उडालं. चिंचवड येईपर्यंत ताजुन्निसानं मूठ उघडली नाही.

दोन वर्षांनी तिकडेच पहिल्या बाळंतपणात शहाजादी गेली. ताजुन्निसा नवऱ्याला एकदाच म्हणाली, "माझ्या हातानं बांधला असता, तर लेक ऱ्हायली असती वो." कापडानं मरण टळतं का, ते मला ठाऊक नाही. पण मीरासाहेब त्या बोलण्यानं खचला तो खचलाच. त्यानं मला मागे ढकलून ठेवलं आणि पुन्हा कधी चालवलं नाही. मला गंजायचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याकडे बघितलं की तक्रार करायला मला तोंड उरत नाही.

हल्ली तो सगळ्यांना रस्ता विचारतो. परवा थेरगावला निघाला होता. त्याचा जन्म तिथला. डोळे बांधले तरी पोचेल. तरी शाळेतून येणाऱ्या मुलांना थांबवून त्यानं विचारलं, "बाळांनो, थेरगावला हाच रस्ता न्हवं?" मुलं फिदीफिदी हसली. एकानं मुद्दाम उलट्या बाजूला बोट दाखवलं. आणि मित्रांनो, म्हातारा मान डोलावून त्याच बाजूला चालू लागला हो!

मला धुवायला-पुसायला येऊ नका, माझं काही म्हणणं नाही. पण तो तुमच्यापाशी थांबून रस्ता विचारेल, तेव्हा हसू नका. खरा रस्ता सांगा, आणि जमलं तर चार पावलं त्याच्याबरोबर जा.