सकाळचा काढा

डोंगरावर उजाडायच्या आत तोमेबाईंची चूल पेटायची. चोचीचं मातीचं भांडं, त्यात तोकी या औषधी झाडाची मुळं, पिओनीची मुळं आणि मोजून घातलेलं पाणी. पाणी आटून निम्मं होईपर्यंत म्हातारी चुलीपुढे बसून पंखा हलवायची, आणि पंख्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर तिच्या ओठांवर आमिदा बुद्धाचं नाम यायचं, "नामू आमिदा बुत्सु, नामू आमिदा बुत्सु." काढा उतरला की सुनेला हाक.

"हात्सुए, गरम आहे तोवर घे ग."

हात्सुए गुडघे टेकून बसायची, दोन्ही हातांत वाटी धरायची आणि डोळे मिटून पिऊन टाकायची. जपानातल्या यामातोच्या या डोंगरातल्या घरी ती लग्न होऊन आली, वर्षभरात पाळणा हलला नाही, तेव्हा हा काढा सुरू झाला. मूल व्हावं म्हणून. आता हात्सुएचे कानांपाशी केस पिकले होते, सासूची पाठ वाकली होती, पण काढा एका सकाळीही चुकला नव्हता.

सगळं गाव तोकीच पिकवायचं. गावातली मुळं शहरोशहरी जायची, बायकांच्या दुखण्यांवर उकळली जायची, आणि लोक सांगायचे की कुठे कुठे त्यानं पाळणे हलले. पिकवणाऱ्या या घरात मात्र देव्हाऱ्यापुढे नैवेद्याचा भात ठेवताना तोमेबाई अजूनही एक शब्द जास्त पुटपुटायच्या. तो काय असेल हे हात्सुएला विचारावं लागत नसे.

गेल्या शरद ऋतूत हात्सुएची पाळी गेली. आधी मागेपुढे होत राहिली, मग आलीच नाही. त्या मुलखात बायकांच्या या सगळ्या दुखण्याला 'रक्ताची वाट' म्हणतात. तिची वाट आता दुसरीकडे वळली होती. छातीतून एकदम वाफ उठायची, चेहरा लाल व्हायचा, मग घाम, मग हुडहुडी. झोप उडाली. नवरा कुनिझो साधा माणूस. त्यानं एकदाच विचारलं, "तुझ्यात शेगडी ठेवलीय का कुणी? मला पांघरुणाची गरजच नाही राहिली." ती हसली आणि कूस बदलून पडून राहिली.

कळलं ते शेजारणीला, कात्सुला. फेब्रुवारीत मुळं मळायचा हंगाम असतो. हिवाळाभर बांबूवर टांगून सुकवलेली मुळं शेडमधल्या काहिलीतल्या गरम पाण्यात बुचकळायची, फळीवर हातानं मळायची, फाटे फुटलेल्या मुळ्या एकत्र वळून घोड्याच्या शेपटासारख्या सरळ करायच्या. बाहेर बर्फ आणि हात्सुएच्या कपाळावरून घामाच्या धारा.

"अगं, काहिलीखाली लाकडं कशाला जाळतो आपण?" कात्सु ओरडली. "हिच्या अंगावरच मुळं धुवा!"

बायका खदखदल्या. हात्सुएही हसली, पण डोळे भरून आले. कात्सुनं ते पाहिलं. मग हळूच जवळ सरकून म्हणाली, "खाली गोजो गावाला मिबू वैद्यांकडे जाऊन ये. सासूला सांगू नकोस, दात दुखतो म्हण."

मिबू वैद्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, पोट उघडं करून बरगड्यांखाली आणि बेंबीच्या बाजूला गार बोटांनी दाबलं. मग विचारलं, "सध्या काय घेतेस?"

तिनं सांगितलं.

"तो आता थांबव. तो ज्यासाठी होता ते..." म्हातारा वैद्य थांबला. हात पुसत राहिला. "शरीरानं आपलं काम संपवलंय, बाई. आता त्याला शांत करायचं. हा दुसरा काढा देतो. दोन्ही एकत्र मात्र घेऊ नकोस, पोट बिघडेल."

घरी येऊन तिनं पुडी उघडली आणि पहिल्या वासालाच पुन्हा मिटली. पुदिना होता त्यात, आणि अनंताची सुकी पिवळी फळं. तोमेबाईंचं नाक सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणाच्या घरासमोरून जाताना नुसत्या वाफेवरून त्या सांगायच्या, इथे बाळंतीण आहे, इथे कुणाची कंबर धरलीय. हा काढा घरात उकळला तर पहिल्याच वाफेला त्यांना कळणार होतं की या घरात आता कुणी येणार नाही.

मग हात्सुएनं एक युक्ती काढली. नवा काढा ती शेडमध्ये उकळायला लागली. तिथे तोकीचा वास इतका दाट असायचा, ओवा आणि गूळ एकत्र जाळल्यासारखा, की पुदिना त्यात बुडून जायचा. सकाळी सासूचा काढा, दुपारी वैद्यांचा. वैद्यांनी बजावलं होतं ते खरंच झालं. पोट ढवळायचं, जेवण जाईना. कात्सु चिडली.

"सासूचा तो बंद कर की बाई!"

"मग त्या सकाळी काय करतील?"

"झोपतील! म्हातारीला झोप नको का?"

हात्सुएनं पुढचं मूळ मळायला घेतलं. खरं कारण ते नव्हतंच. सकाळी ती हाक आली, वाटी हातात आली, की आशेला अजून थोडी जागा शिल्लक आहे असं तिला वाटायचं. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण त्या वाटीभर वेळात कुणीतरी वाटेत आहे, जरा उशीर झालाय इतकंच, असं मनाला वाटत राहायचं, आणि त्याशिवाय दिवस उचलवत नव्हता.

मुळं मळून संपली. वसंतातल्या पितरांच्या दिवसांत देवळात गाऊन प्रवचन करणारे बुवा येणार होते. तोमेबाई वर्षभर त्यांची वाट पाहायच्या. त्या दुपारी काहील घासायची आहे असं सांगून हात्सुएनं शेडमध्ये शेवटचा जाळ केला, काढा घाईघाईनं प्यायली आणि धावतच देऊळ गाठलं. सासूनं शेजारची जागा धरून ठेवली होती.

"काहील घासत होतीस का काहिलीत पोहत होतीस? सरक इकडे."

बुवांनी पंखा टेकवला आणि बोलायला सुरुवात केली. साधं बोलता बोलता आवाज चढला, लांबला, आणि कधी गाणं झाला हे कळलंच नाही. जन्मोजन्मी लेकरू चुकतं, वाट विसरतं, आणि ती माउली दारात उभी राहून हाक मारते, ओ आली नाही तरी हाक मारते, हाक मारणं हेच तिचं आईपण. सूर टिपेला जाऊन उतरला. अशा जागी सगळ्या देवळानं एका आवाजात नाम घ्यायचं असतं. दाटीवाटीनं बसलेली माणसं पुढे झुकली, "नामू आमिदा बुत्सु, नामू आमिदा बुत्सु," आणि हात्सुएच्या तोंडातूनही श्वासाबरोबर नाम बाहेर पडलं.

शेजारी तोमेबाईंचं नाम मध्येच तुटलं.

त्यांनी मान वळवली नाही. पण हात्सुएनं पाहिलं, त्यांच्या नाकपुड्या एकदा फुलल्या, आणि मांडीवरचे हात जपमाळ घट्ट धरून तसेच राहिले. प्रवचन संपेपर्यंत त्यांनी पुन्हा नाम घेतलं नाही.

परतीच्या चढावर काठी टेकत त्या पुढे चालत होत्या.

"पुदिना," त्या म्हणाल्या. "आणि अनंत. कधीपासून?"

"हंगामापासून, आई."

"ते नाही विचारत मी."

हात्सुए थांबली. "शरदापासून. पाळी गेली."

"आणि मी रोज पहाटे उठून कुणासाठी पंखा हलवत होते? भिंतीसाठी?"

"आई, तुम्हाला वाईट..."

"माझ्या वाईटाचं सोड! तुझं पोट बिघडलंय ते दिसत नव्हतं मला? म्हटलं..." म्हातारीचा आवाज चिरकला. "म्हटलं, जेवण जात नाही, ढवळतं, म्हणजे शेवटी आलं वाटतं कुणीतरी. या वयात. लाज सोडून बुत्सुला सांगितलं मी, की उशिरा का होईना."

मग ती काठी आपटत पुढे गेली. रात्री सुनेकडे पाठ करून जेवली. कुनिझोनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि लोणचं जरा जास्तच जोरात चावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा चूल थंड होती. हात्सुए अंथरुणात ऐकत पडून होती. पंख्याचा आवाज नाही, नाम नाही, हाक नाही. ती वाट पाहत राहिली, आणि त्या शांततेत तिला पहिल्यांदाच नीट कळलं की कुणीही वाटेत नाही. उशिरानंही नाही. तिनं तोंडावर बाही दाबली.

मग ती उठली. भांडं घेतलं, जाळ घातला, पुडी उघडून भांड्यात उपडी केली. धूर झाला. सवय नव्हती. पाणी वर येऊन झाकण थडथडायला लागलं.

"मूर्खे!" आतल्या खोलीतून आवाज आला. "पुदिना आधी टाकतात का? सगळं सत्त्व वाऱ्यावर गेलं! तो शेवटी, उतरवायच्या वेळी!"

तोमेबाई पांघरूण ओढतच बाहेर आल्या. सुनेला खांद्यानं बाजूला सारून चुलीपुढे बसल्या, जाळ कमी केला, पंखा हातात घेतला. झाकणाचं थडथडणं थांबलं. मग म्हातारीनं भांड्यावर वाकून वास घेतला.

"तोकी आहे यात."

"आहे. वैद्य म्हणाले, तोकी लागतेच. आधीही आणि आताही."

"हं." पंखा हलत राहिला. "नाव ठरवलं होतंस?"

हात्सुएनं मान खाली घातली. हे तिनं कुनिझोलाही कधी सांगितलं नव्हतं. "हो."

"सांग की. आता कुणाची दृष्ट लागणार आहे?"

"नाओ."

पंखा थांबला. "मुलगी?"

"मी मुलगीच धरून बसले होते, आई."

"आणि मी इतकी वर्षं नातू मागत बसले." म्हातारी हसली, आणि हसता हसता तिनं बाहीनं डोळे पुसले. "दोघी दोन बाजूंनी ओढत होतो. बिचारं यायचं तरी कुठून?"

तिनं ते नाव एकदा उच्चारून पाहिलं, अगदी हळू, जिभेवर काही गरम ठेवावं तसं. मग काढा वाटीत गाळला.

"मुलगी असती तर मळायला मी शिकवलं असतं तिला. तुझ्यासारख्या ढिल्या जुड्या बांधू दिल्या नसत्या."

"नसत्या," हात्सुए म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी वाटी घेतली. कडू होता, आधीच्यापेक्षा जास्त. दारातून तोकीचं रिकामं वावर दिसत होतं, अजून रोपं लावायची होती. सासू शेजारी बसून होती, वाटी रिकामी व्हायची वाट पाहत.