झडीत बांधलेली डिश

मित्रांनो, मी एक जुनी डिश आहे. पण मालिका दाखवणारी नव्हे, हे आधीच सांगते. टीव्हीची डिश फक्त ऐकते. मी ऐकते आणि बोलतेही. उगाच फुशारकी मारत नाही, माझे कामच ते आहे.

कारखान्यात मला पत्र्यापासून घडवले, पांढरा रंग दिला आणि इस्लामपुरातल्या एका खताच्या गोदामावर बसवले, तोंड दक्षिणेकडे करून. "यमाची दिशा की ही!" म्हणून तिथले हमाल हळहळले. पण माझा उपग्रह तिकडेच, छत्तीस हजार किलोमीटर उंचावर आहे. तो पृथ्वीच्याच चालीने फिरतो, म्हणून इथून एका जागी थांबल्यासारखा असतो. मी निरोप त्याच्याकडे पाठवते, तो खालच्या एका भल्यामोठ्या डिशकडे देतो आणि तिथून तारेने तो कचेरीत पोचतो. हे सारे सेकंदाच्या आत. माझे तोंड बोटभर हलले तरी निरोप चुकतो.

पुढे गोदामात केबल आली आणि मी अडगळीत पडले. कुणीतरी माझ्यात कोंबड्यांना पाणी ठेवले. गरज सरो, वैद्य मरो! मला फार वाईट वाटले.

तिथून मला महाबळेश्वरजवळच्या एका गावात आणले. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून स्ट्रॉबेरीचे शीतगृह बांधले आहे. तिथे केबल पोचत नाही आणि पावसाळ्यात मोबाईलही मुका होतो. शीतगृहाचे तापमान मी दर पाच मिनिटांनी शिरवळच्या कचेरीतल्या धैर्यशील नावाच्या तंत्रज्ञाला कळवते. यंत्र बिघडले तर तो तिथूनच उपाय सांगतो. राखणीला चंद्राबाई आणि तिचा नवरा गुंडा असतात. चंद्राबाई रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसते. मी पुन्हा कुणाची तरी झाले.

आमच्याकडे पावसाळ्याआधी घरांना गवताच्या झड्या बांधतात, भिंती भिजू नयेत म्हणून. यंदा चंद्राबाईने मलाही झडी बांधली. "लय गारठा असतोय, लेकराला बाधंल," म्हणाली. गवत कोरडे होते तोवर माझे कसेबसे चालले. मग आठवडाभर पाऊस कोसळला, गवत चिंब झाले आणि त्यातल्या पाण्याने माझा आवाजच गिळला.

नेमके तेव्हाच यंत्र बंद पडले. आत गावाची सगळी गोठवलेली स्ट्रॉबेरी होती. दाराजवळचा तापमानाचा काटा उणे अठरावरून उणे दहावर आला. चंद्राबाई संगणकावर निरोप लिहीत होती, पण तो जाईना. रस्त्यावर झाड आडवे पडलेले, म्हणून शिरवळला जाऊन सांगायचीही सोय नव्हती.

"आवं, माल वितळला तर गावाला काय तोंड दावू मी?" ती रडवेली झाली. मला सगळे कळत होते, पण माणसांशी बोलायला मला वाचा नाही.

डिशच भिजली असेल, असे वाटून ती आणखी गवत घेऊन छपरावर चढली. नवे गवत बसवायला तिने जुनी झडी वर उचलली. पाऊस तेव्हा रिपरिप पडत होता. एवढ्याने मी हार मानत नाही.

खालून संगणकापाशी बसलेला गुंडा ओरडला, "अगं, हिरवा दिवा लागला!"

तिने झडी सोडली.

"गेला!"

तिने पुन्हा उचलली.

"आला, आला!"

चंद्राबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "मीच दाबलं व्हय हिचं तोंड!" मग विळ्याने साऱ्या सुतळ्या कापून तिने झडी खाली भिरकावली.

निरोप गेला. धैर्यशीलने उलट कळवले, भिंतीवरच्या पेटीतले तांबडे बटण दाबा. गुंडाने दाबले आणि यंत्र घरघरू लागले. संध्याकाळपर्यंत काटा उणे अठरावर आला. एकही फळ वितळले नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस वाढला. गुंडाला माझी दया आली. "निदान एक पोतं तरी टाकू का गं हिच्यावर?"

"न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "भिजू द्या तिला."

मित्रांनो, इतकी माया माझ्यावर कुणी केली नव्हती. मुसळधार सर आली की माझा आवाज घटकाभर बसतो, पण सर ओसरली की मी पुन्हा बोलते. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याला जपण्याआधी त्याचे काम ओळखा. माझी धूळ पुसा, गंजलेले बोल्ट बदला. माझे आभाळ तेवढे झाकू नका.