खुद्द

"चाचा, बैठके खाने का सबूत होना," मोहियोद्दीन म्हणाला, आणि वसरामला वाटलं, हा माणूस आपल्याला शिवी देऊन राहिला.

तांड्यावर कुणाला बसून खाणारा म्हटलं तर हाणामारी व्हायची. वसराम खुर्चीतून अर्धा उठला. मोहियोद्दीननं हसून त्याला खाली बसवलं. नांदेडला स्टेशनजवळच्या एका जिन्यावर त्याचं ऑफिस होतं. आधी तो गवंडी, सुतार, ड्रायव्हर असे लोक आखातात पाठवायचा. आता म्हाताऱ्यांचेही कागद करू लागला होता.

"गुस्सा नको. मलेशियावाल्यांना कामाला येणारा माणूस नको. घरबसल्या मिळकत येते, हातपाय हलवावे लागत नाहीत, असा म्हातारा पाहिजे. मग ते वर्षानुवर्षं राहू देतात. पण मिळकत पाच सालांची दाखवावी लागते."

वसरामचा एकुलता पोरगा विकास तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. सून संगिता, नात मिना. मिना तीन वर्षांची झाली तरी वसरामनं तिला एकदाच पाहिलं होतं, तेही टॉवेलात गुंडाळलेली. बायको रूपाबाई गेल्यापासून तो सिमेंटच्या घरात एकटा राहायचा. सकाळची भाकर दुपारी, दुपारची संध्याकाळी. विकास फोनवर म्हणायचा, "बाबा, तुम्ही कागद करा, बाकीचं मी बघतो." दर आइतवारी मिना फोनवर विचारायची, "आजोबा, कधी येणार?" आणि वसराम दर आइतवारी म्हणायचा, "हळद निघू दे, मग येतो."

त्यानं पिशवीतून कागद काढले. उभी हयात ट्रक चालवून त्यानं दोन गोष्टी केल्या होत्या. तालुक्याच्या गावी, वसमतला, तीन गाळे, आणि तांड्यालगत कालव्याखालची चौदा एकर जमीन. गाळ्यांचे भाडेकरार पक्के होते, पण तेवढ्यानं मलेशियाचा आकडा गाठत नव्हता. जमिनीचं उत्पन्न धरलं की बराबर बसत होतं.

"जमीन कोण करता है?"

"पेमा. वीस सालापासून बटईनं. आमचाच भाऊबंद हाय."

मोहियोद्दीननं सातबाऱ्यावर बोट ठेवलं. कसणाऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता. खुद्द. त्याच्या खाली खुद्द, त्याच्याही खाली खुद्द.

"इधर पेमा किधर है? कागदावर तुम्हीच नांगर धरता. ते विचारतील, हा बुढ्ढा रिटायर कधी झाला? पेमाकडून स्टॅम्पवर लिहून आणा, की पाच सालापासून जमीन तोच करतो. त्याचा एक हलफनामा, म्हणजे शपथपत्र, पण आणा. बस."

परतीच्या एसटीत वसराम खिडकीशी बसला. काम सोपं होतं. एक अंगठा पाहिजे होता. तरी वसमत येईपर्यंत त्यानं सातबारा दोनदा काढून त्या शब्दावर बोट फिरवलं.

जमीन घेतली त्याच साली ट्रकवरच्या लोकांनी त्याला शिकवलं होतं, की बटईदाराचं नाव सातबाऱ्यावर चढू द्यायचं न्हाई. एकदा चढलं की कूळ लागतं, आणि कूळ लागलं की जमीन गेली. तेव्हापासून दर पीकपाहणीला वसराम ट्रक सोडून तांड्यावर यायचा. तलाठ्याला चहा पाजायचा आणि समोर उभा राहून तो शब्द लिहून घ्यायचा. तेव्हा त्याला तो वाचताही येत नव्हता. नुसता आकार ओळखायचा.

वाचायला तो पन्नाशीला शिकला. गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा तांड्यावरही एक निघाला होता. वसराम आणि पेमा दोघं पाटी घेऊन शेजारी बसायचे. पेमाच्या पाण्याची पाळी संध्याकाळीच यायची, म्हणून त्याचा वर्ग महिन्याभरात सुटला. वसराम टिकला.

त्याच साली गारपीट झाली. पेमाची उभी हळद आणि काढायला आलेला गहू, दोन्ही चिखलात गेलं. सरकारची मदत येणार होती, पण जो कसतो त्यालाच. वसरामनं अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. जन्मात पहिल्यांदा त्यानं पूर्ण वाक्यं लिहिली होती. 'सदर जमीन मी खुद्द माझ्या हाताने कसतो. माझा कोणीही बटईदार नाही.' अक्षरं मोठी, डोक्यावरच्या रेघा तिरक्या. खाली साक्षीदार लागत होता. शेजारच्या शेतातला माणूस बाहेरगावी गेलेला. वसराम कागद घेऊन पेमाकडे गेला, त्याला तो हौसेनं वाचून दाखवला आणि म्हणाला, "पेमा, अंगठा दे. तुझ्यापेक्षा चांगला साक्षीदार कोण हाय?"

पेमानं कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाया, अक्षर चांगलं काढलं तुमी." आणि अंगठा दिला.

मदत आली. वसरामनं पेमाच्या बायकोला, चांगुणाला, एक लुगडं नेऊन दिलं. त्या गोष्टीला अकरा सालं झाली होती. वसराम ती विसरून गेला होता, म्हणजे तशी त्याची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी तो शेतात गेला. हळद शिजवायचं काम चालू होतं. काहिलीखाली पऱ्हाटी पेटलेली, वाफेत पेमाचं तोंड दिसत नव्हतं. चांगुणा शिजलेली हळद पसरवत होती.

"या भाया," ती म्हणाली. "मलेशियाचे पाव्हणे आज चिखलात कसे?"

"टोमणे मारू नको वहिनी. कामानं आलो."

"तुमी बिनकामाचे कवा आलेत का?"

वसराम दगडावर बसला. स्टॅम्पपेपर काढून त्यानं सगळं सांगितलं. पेमा ऐकता ऐकता जाळ सारत राहिला.

"म्हंजे मी पाच सालापासून जमीन करून राहिलो, असं लिहून देऊ?"

"व्हय. खरंच हाय ना ते."

"खरं तर वीस सालाचं हाय." पेमा त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला. "सातबाऱ्यावर चढंल का माझं नाव?"

वसरामनं आवाज खाली आणला. "न्हाई रे. तलाठ्याकडं न्यायचंच न्हाई. मलेशियावाल्यापुरतं हाय."

फोनवर विकासनं हेच बजावलं होतं. कागद करा बाबा, पण नाव चढवू नका, जमीन जाईल.

"म्हंजे मलेशियात मी हाय," पेमा म्हणाला, "आन् वसमतला मी न्हाई."

चांगुणा हसली. ते हसू वसरामला अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं लागलं.

"भाया, गारपिटीच्या साली मी अंगठा दिलता. तुमीच वाचून दाखवलं. बटईदार कुणी न्हाई. शपथेवर सांगितलं मी, की मी न्हाई. आता शपथेवर सांगू, की हाय? दोन्हीकडं अंगठा माझाच. उद्या कुणी दोन कागद शेजारी ठेवले, तर खोटा कोण ठरंल? तुमी का मी?"

"कोण ठेवतंय शेजारी? काहून असं बोलून राहिला?"

"तुमाला अक्षर आलं तवा तुमी काय लिवलं, ते मी रोज आठवतो. मला लिवता आलं असतं तर मी पहिलं माझं नाव लिवलं असतं."

वसराम चिडला. वीस सालं कुणी पोसलं, आडल्यानडल्याला कोण आलं, हे सगळं तो मोठ्यानं बोलला. तो थांबला तेव्हा पेमा उठला, काहिलीवरचा बारदाना बाजूला केला आणि काडी खुपसून हळद शिजली का ते पाहिलं.

"एवढी हळद पॉलिश करून तुमचा वाटा घरी टाकतो," तो म्हणाला. "पाडव्यापासून मी न्हाई. हट्टा गावच्या आसिफभाईनं जमीन देऊ केली. पाच सालाचा कागद करून देतो म्हणला. रजिस्टर."

"मुसलमानाचा कागद चालतो, भावाचा बोल चालत न्हाई?"

"भावानं बोल दिलाच कवा?" चांगुणा म्हणाली. "लुगडं दिलतं. ते फाटलं."

वसरामनं नांदेडला फोन लावला. दुसऱ्या कुणाचा अंगठा चालंल का? मोहियोद्दीन म्हणाला, चालेल, पण खोटा माणूस उभा केला आणि त्यांनी तपास लावला तर जन्मभराचं दार बंद. वसरामनं दुसरा बटईदार शोधला. धर्मसिंगला विचारलं, नेमसिंगला विचारलं. दोघांनीही एकच सवाल केला, "नाव चढवता का?" चांगुणानं तांडाभर गोष्ट केली होती. नाव चढवायला वसरामचा जीव होत नव्हता. त्यानं सालगडी ठेवला, तो आखाडीच्या आधीच पळाला. जमीन पडीक ठेवावी तर गाळ्याच्या भाड्यावर मलेशिया मिळत नव्हतं, आणि पडीक जमिनीवर तर मुळीच नाही. विकास म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू बाबा." त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. वसरामनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

त्या पावसाळ्यात बासष्ट वर्षांच्या वसरामनं हळद स्वतः लावली. ट्रकचं स्टेअरिंग धरलेले हात, त्यांना खुरपं धरता येईना. तळव्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की तो कमरेला पंचा गुंडाळून, सरीत पाणी सोडायला दंड फोडत फिरायचा. बायांना रोजानं बोलवावं तर त्या आधी पेमाच्या नव्या शेतात जायच्या. आइतवारचा फोन त्यानं दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा मिनानं विचारलंच नाही. तिनं नुसतं "हॅलो आजोबा" म्हटलं आणि फोन आईकडे दिला.

भादव्यात पीकपाहणीला नवा तलाठी आला, मोटारसायकलवर. वसराम सरीत वाकून बसला होता. उठायला वेळ लागला. चहा सांगायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तलाठ्यानं बांधावरूनच वही उघडली. "आजोबा, मालक कोण?"

"मी."

"अन् कसतंय कोण?"

वसरामनं हाताकडे पाहिलं. नखांत माती भरली होती, तळव्याची साल निघाली होती. तलाठ्याला घाई होती. त्यानं मागचं पान उलटून पाहिलं.

"मागच्यासारखंच खुद्द लिहू ना?"

"लिही," वसराम म्हणाला. "औंदा खरं हाय."